कापड नंतर, आधी ताणा

नमस्कार श्रोतेहो.

भात कापून झालं, घाटातले रस्ते सुकले की आपल्या किनाऱ्यावर गाड्या उतरायला लागतात. अलिबाग, मुरुड, हर्णै, गणपतीपुळे, मालवण, तारकर्ली. मंडळी समुद्र बघतात, किल्ला बघतात, सुरमई खातात आणि परतीच्या वाटेवर काजूगर, कोकम, आंबापोळी बांधून घेतात. पण यांतल्या काहींचं तेवढ्यावर भागत नाही. वस्तू जिथे होते ती जागा त्यांना बघायची असते. हातमागावर विणणाऱ्यांनी आपली मागघरं अशा लोकांसाठी उघडावीत का, उघडली तर कशी, यावर मी आज बोलणार आहे. देवगड तालुक्यात आमच्या घराच्या पडवीत दोन माग आहेत आणि त्यांवर मी विणते. तेव्हा हे बोलणं तिऱ्हाईताचं नाही.

कोकणात कसले हो हातमाग, असं तुमच्यातल्या निम्म्या जणांच्या मनात आलं असेल. बरोबर आहे. कापूस आपल्याकडे पिकत नाही, एवढ्या पावसात बोंड सडून जाईल. पैठणी म्हटलं की येवला-पैठण, चादर म्हटलं की सोलापूर, आणि सूत हवं तर इचलकरंजीकडे तोंड करायचं. आपले राजापूर-दाभोळ ही बंदरं. घाटावरचं कापड उतरून इथून जहाजात चढायचं. राजापुरात इंग्रजांनी १६४९ साली वखार घातली, त्यातही कापडाचा व्यापार होता. पण नुसती ने-आणच होती असंही नाही. रेवदंड्याजवळचं चौल हे विणकरांचं गाव होतं, तिथलं रेशमी आणि सुती कापड परदेशी जायचं. सतराव्या शतकात मुंबईची वस्ती वाढवायला निघालेल्या इंग्रजांनी चौलचे विणकर तिकडे बोलावून वसवले. आज चौलला जाल तर नारळी-पोफळी दिसतील, माग दिसणार नाहीत. खाली गोव्यात कुणबी बायकांची तांबड्या चौकड्यांची साडी अशीच विस्मरणात चालली होती. फॅशनच्या दुनियेतले वेंडेल रॉड्रिक्स तिच्या मागे लागले, तेव्हा ती पुन्हा मागावर चढली.

म्हणजे आज इथे जे माग आहेत ते तुरळक. कुणी खादीच्या कामातून आलं, कुणी प्रशिक्षण घेऊन आलं, कुणी माझ्यासारखं घाटावर जाऊन एका म्हाताऱ्या विणकराच्या हाताखाली शिकून आलं. आमचं दुकान कुठल्या पेठेत नाही. म्हणून लोक घरी येणं ही आमच्यासाठी हौस नाही, गरज आहे.

आणि घर उघडं ठेवून कला जगवल्याची उदाहरणं शोधायला लांब जायला नको. सावंतवाडीच्या राजवाड्यात तिकीट काढून आत गेलात तर गंजिफा, म्हणजे हाताने रंगवलेले गोल पत्ते, आणि लाखकाम करणारे कारागीर समोर बसून रंगवताना दिसतात. तिथल्या राजघराण्यातले शिवरामराजे भोसले आणि सत्वशीलादेवी यांनी ते काम वाड्यात आणून बसवलं म्हणून टिकलं. कुडाळजवळ पिंगुळीला परशुराम गंगावणे यांनी गुरांच्या गोठ्यात चित्रकथी, म्हणजे चित्रं दाखवत गोष्ट सांगण्याची कला, आणि कळसूत्री बाहुल्यांचं संग्रहालय उभं केलं. २०२१ साली त्यांना पद्मश्री मिळाली. गोठ्यात! आपल्यातले कितीतरी जण ‘आधी नीट शेड बांधू, टाइल्स घालू, मग लोकांना बोलावू’ म्हणत बसलेत, त्यांच्यासाठी हे मुद्दाम सांगितलं.

पण मागघर आणि चित्रकथी यांत एक फरक आहे. बाहुली नाचायला लागली की बघणाऱ्याला सगळं कळतं. माग चालताना बघून फारसं काही कळत नाही. पाय हलतात, आडवी तार नेणारा धोटा इकडून तिकडे पळतो, खटखट आवाज येतो. पाहुणा दोन मिनिटं बघतो, एक व्हिडिओ काढतो, ‘छान’ म्हणतो आणि साड्यांच्या कपाटाकडे वळतो. तिथे किंमत ऐकली की चेहरा पडतो. कारण त्याच्या हिशेबी कापड म्हणजे ही खटखट, आणि ती तर भराभर चाललेली त्याने आत्ताच पाहिलेली असते.

माझं म्हणणं असं की मागघर उघडायचं तर ज्या दिवशी ताणा, म्हणजे कापडाच्या उभ्या तारा, भरायचा असेल, त्याला खळ लावायची असेल, वहिफणी भरायची असेल, म्हणजे त्या तारा मागावरच्या वहीच्या दोऱ्यांतून आणि फणीच्या दातांतून ओवायच्या असतील, त्या दिवशी उघडावं. विणणं ही या कामातली शेवटची आणि त्यातल्या त्यात सोपी पायरी आहे.

थोडा हिशेब सांगते. साडीचा पन्हा, म्हणजे रुंदी, ४६ इंच धरा. इंचाला ६० तारा. झाल्या २,७६० तारा. त्या सगळ्या सारख्या लांबीच्या, एकीवर दुसरी न चढता, अंगणात खुंट्यांवरून फिरवून घ्यायच्या. मग प्रत्येक तार वहीच्या डोळ्यातून ओढायची, प्रत्येक तार फणीच्या घरातून काढायची. एक चुकली तर पट्टा पडतो, आणि तो कापड संपेपर्यंत पडत राहतो. आमच्या शेजारच्या आजी एकदा बराच वेळ बघत उभ्या होत्या. शेवटी म्हणाल्या, “खुळावलंस काय गो? इतक्यो तारो मोजतंस कशाक?” त्यांनी मग स्वतःच पाट ओढला आणि समोर बसून तारा द्यायला लागल्या. एकीने मागून तार द्यायची, दुसरीने आकडीने ओढून घ्यायची, असं हे दोघींचं काम आहे. पाहुण्याला त्या पाटावर बसवा. पन्नास तारा देऊ द्या. पन्नास पुऱ्या व्हायच्या आत तो मान चोळायला लागतो, आणि त्यानंतर साडीची किंमत विचारण्याचा सूरच बदलतो. भाव कमी करायला सांगत नाही असं नाही, सांगतो. पण जरा लाजत सांगतो.

खळीचंही तसंच. आम्ही तांदळाची पेज पातळ करून, त्यात थेंबभर खोबरेल घालून ताण्यावर कुंच्याने लावतो. ताणा अंगणभर ताणलेला, दोन बाजूंना दोन माणसं, आणि ऊन खाली जायच्या आत तारा सुट्या करून वाळवायच्या. हे करताना कुणाशी गप्पा मारायला सवड नसते हे खरं. पण बघायला यापेक्षा सुंदर दुसरं काही नाही. खळ नसेल तर तार फणीच्या घासण्याने केसाळते आणि तुटते, हे शंभर वेळा सांगून कळत नाही. बिनखळीची एक तार हातात देऊन बोटांत दहा वेळा चोळायला सांगावी. लगेच कळतं.

राष्ट्रीय हातमाग दिन ७ ऑगस्टला असतो. १९०५ साली त्या दिवशी कोलकात्याच्या टाऊन हॉलमध्ये स्वदेशीची हाक दिली गेली, म्हणून २०१५ पासून तो पाळतात. दिवसाबद्दल आदर आहे, पण ७ ऑगस्टला कोकणात काय असतं ते तुम्ही जाणता. पावसात खळ वाळत नाही, वाळली तर रात्रीतून बुरशी धरते, आणि लडीला ओलीचा वास लागतो. त्या दिवशी घर उघडायचा आग्रह धरणाऱ्यांनी एकदा श्रावणातला आमचा ताणा येऊन बघावा. गणपतीतही नको. चाकरमानी मंडळी येतात हजारोंनी, पण त्यांना आरतीतून आणि भावकीतून सवड कुठे? दिवाळी उलटल्यावर ते शिमग्यापर्यंत, हे आपले दिवस.

दमट हवेबद्दल मात्र तक्रार करू नये. सुती तार ओलसर हवेत मजबूत राहते, कमी तुटते. थंडीत सकाळी जमिनीवरून कोरडं वारं सुटतं, तेव्हा तारा पटापट तुटतात आणि मागाखालची जमीन शिंपावी लागते. खारी हवा ती वेगळी गोष्ट. ती लोखंडाला खाते. साध्या पोलादाची फणी चार महिने वापराविना ठेवली की तिच्यावर तांबूस ठिपके येतात, आणि ते पांढऱ्या ताण्यावर उमटतात. किनाऱ्यावर माग घालणाऱ्याने न गंजणारी फणी घ्यावी, महाग पडली तरी. हेही पाहुण्यांना दाखवावं. समुद्राकाठचं कापड म्हणजे नुसत्या लाटांच्या नक्ष्या नव्हेत.

रंगाच्या भांड्याभोवती मुलं सगळ्यांत जास्त रमतात. ऐनाची साल, खैराचा कात, हिरडा, नारळाची चोडं, सुपारी, हे सगळं इथलंच. नायलॉन येण्याआधी आपले मच्छीमार सुती जाळी ऐनाच्या सालीच्या काढ्यात बुडवून काढायचे, जाळं कुजू नये म्हणून. तो काढा आम्ही कापडाला वापरतो. सालीतलं, हिरड्यातलं तुरट द्रव्य सुताला धरून बसतं आणि पुढचा रंग धरायला मदत करतं. त्याच काढ्यात लोखंडाचं पाणी घातलं की तपकिरीचा क्षणात राखाडी-काळा होतो, आणि पोरं ओरडतात. जांभ्यातल्या काही विहिरींच्या पाण्यात मुळातच लोह असतं, तिथे हा खेळ न मागताच होतो, आणि रंग मळकट का आला ते कळेपर्यंत विणकराचा जीव जातो. एक प्रश्न हमखास येतो: “ताई, कोकमाचा रंग का नाही लावत, एवढा सुंदर लाल!” लावून बघा. कोकमाचा लाल उन्हाला टिकत नाही. सोलकढीत तो शोभतो, तिथेच राहू द्या.

आता विणकर बहिणी-भावांसाठी चार कडू गोष्टी.

पाहुणा आला की तासभर माग थांबतो. साध्या सुती कापडाचे दिवसाला तीन-चार मीटर उतरले तर तो आमचा चांगला दिवस. त्यातला तास गेला तर तो कुणाच्या खिशातून गेला? म्हणून पैसे घ्या. घर बघायचे कसले पैसे, आपल्याकडे आलेल्याला आधी पाणी विचारतात, हे मलाही शिकवलंय. पाणी विचाराच. कोकम सरबतही द्या. पण ताणा दाखवायचे पैसे घ्या, आणि ते साडीच्या किमतीतून वजा करू नका. वजा केलेत की त्या तासाची किंमत शून्य होते.

वार ठरवा आणि त्याच वारी दार उघडा. कुठल्याही वेळी कुणीही येऊन ‘जरा बघू’ म्हणत असेल तर ते मागघर राहत नाही, चावडी होते. आल्यावर चपला बाहेर, हात धुऊन आत. तळलेल्या मासळीचे हात पांढऱ्या ताण्याला लागले तर त्या डागाचं काय करायचं, हे मला अजून कुणी सांगितलेलं नाही. ओढणी, मोकळे केस मागापासून लांब. नमुन्यांचे फोटो घ्यायचे तर विचारून. तुमचा काठ काढून नेऊन यंत्रमागावर तोच काठ घालणारा माणूसही पाहुणा म्हणूनच येतो.

आणि यंत्रमागाचं कापड हातमागाचं म्हणून विकू नका. मोह होतो, ठाऊक आहे. गर्दी आहे, माल संपलाय, घाटावरून गठ्ठा मागवला की काम भागतं. १९८५ च्या हातमाग आरक्षण कायद्याने अकरा प्रकारचं कापड हातमागासाठी राखून ठेवलेलं आहे. पण कायद्याचं सोडा. लोकांना घरात बोलावून ताणा दाखवायचा आणि शेजारच्या कपाटातून भलतंच कापड काढून द्यायचं, मग दार उघडलंत कशाला? दुसऱ्याचं हातमागाचं कापड ठेवायचं असेल तर जरूर ठेवा. तसं सांगून ठेवा.

राहता राहिला पैशाचा वाटा, आणि माझ्या मते सगळ्यांत आधी ठरवायला हवी अशी हीच गोष्ट आहे. २०१९-२० च्या हातमाग गणनेत देशभरात सुमारे ३५ लाख हातमाग कामगार मोजले गेले. त्यांतले साडेआठ लाखांच्या आसपास माग चालवत नाहीत, मागाआधीची कामं करतात. आणि विणणाऱ्यांत दहांतल्या सात बायका आहेत. तरी मागघरात गेलात तर ‘विणकर’ म्हणून पुढे येऊन बोलतो तो बहुतेक वेळा पुरुष. मागे चरख्यावर धोट्यासाठी सुताच्या कांड्या भरत बसलेली त्याची बायको, वहीला तारा देणारी आई, लड्या सोडवणारी मुलगी, या पाहुण्यांसाठी चहा करायला उठतात. कापडाचा दर मीटरवर ठरतो, आणि मीटर उतरतो मागावर. कांड्या भरण्याचा दर आमच्या कितीतरी घरांत ठरलेलाच नाही, कारण ते घरचं काम.

दार उघडलं की हे बदलायची एक संधी आयती मिळते. पाहुणा पैसे देतो ते ताणा, खळ, कांडी बघायचे. मग ते पैसे जिचं ते काम आहे तिच्या हातात पडले पाहिजेत. तिचं वेगळं खातं, तिची वेगळी हिशेबाची वही. आमच्या पडवीत आम्ही तसंच करतो. आलेल्या फीचे निम्मे पैसे तारा देणारीचे, उरलेले कांड्या भरणारीचे, आणि माग चालवणारीला त्यातलं काही नाही. तिला कापडाचे मिळतात. यावरून आमच्यात वाद झाले, अजून होतात. गेल्या हंगामात तारा देणाऱ्या आजींनी हिशेब स्वतः मोजून घेतला आणि पुढच्या वेळी फी वाढवायला सांगितली. ती आम्ही वाढवणार आहोत.

आपण ऐकलंत, आभार. नमस्कार.