पानाच्या बगलेतला डोळा

(दृश्य: पानगळ. हॉर्स चेस्टनटची एक फांदी, अगदी जवळून.)

हे पान आता कुठल्याही क्षणी गळेल. देठाच्या बुडाशी झाडानं स्वतःच पेशींचा एक पातळ थर तयार केलाय; पान सुटणार ते तिथूनच. वारा केवळ निमित्त.

सुटलं! फांदीवर उरला हा व्रण. घोड्याच्या नालेसारखा आकार, आणि त्यात खिळे ठोकल्यासारखे ठिपके. पानाला पाणी पोचवणाऱ्या नळ्यांची ही तोंडं. जखम उघडी नाही, ती आधीच बुजवून घेतलेली आहे.

आता व्रणाच्या जरा वर बघा. हा डोळा. राळेनं चिकट झालेले तपकिरी खवले, आणि आत पुढच्या वसंताची पालवी घडी घालून ठेवलेली. हा डोळा आज फुटलेला नाही. भर उन्हाळ्यात झाड हिरवंगार होतं, आपण खाली सावलीत बसलो होतो, तेव्हाच तो पानाच्या बगलेत तयार होत होता. पानगळ मला कितीतरी वर्षं उदास करायची. एकदा फांदी हातात धरून हे पाहिलं, आणि ती उदासी गेली ती गेलीच.

(दृश्य: बर्फ न पडलेलं रान. पांढरा ससा.)

पृथ्वीचा आस सुमारे २३.५ अंशांनी कललेला. तेवढ्या कलण्यावर सगळे ऋतू उभे आहेत. उत्तर अमेरिकेतला हा स्नोशू ससा दिवस लहान होताना ओळखतो आणि तपकिरी केस टाकून पांढरे धारण करतो. बर्फाची तो वाट बघत नाही. म्हणून बर्फ लांबला की असा उघडा पडतो, शिकाऱ्याच्या नजरेत भरतो. याच्याकडे बघताना पोटात कालवतं.

(दृश्य: समुद्रावर आर्क्टिक टर्न.)

आणि हा जेमतेम शंभर ग्रॅमचा पक्षी. उत्तरेतला उन्हाळा सरला की थेट अंटार्क्टिकाकडच्या उन्हाळ्याला निघतो. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात त्याची वर्षभराची वाटचाल सरासरी ७०,००० किलोमीटरांच्या वर भरली.

एवढं उडणं आपल्याला जमणार नाही. नोंद ठेवणं मात्र जमेल. जपानमधल्या क्योटोत चेरी कधी बहरली हे लोक नवव्या शतकापासून लिहीत आले. त्यांना फुलांचा आनंद टिपायचा होता. त्याच तारखा आज हवामानाच्या अभ्यासकांना उपयोगी पडतात: २०२१ मध्ये तिथला बहर २६ मार्चलाच भरात आला, बाराशे वर्षांच्या नोंदींत इतक्या लवकर तो कधीच आला नव्हता. एक झाड निवडा, तारीख लिहा. सुरुवातीला कंटाळा येईल, येऊ द्या.

(दृश्य: तीच फांदी. वसंत.)

खवले विलग होतायत. आतून पांढरी लव. मग इवलासा, मिटलेला पंजा बाहेर येतो, पाच-सात बोटांचा, अजून मान खाली घातलेला. थांबा, जरा वेळ बघत राहू.