शाल, श्रीफळ आणि डायरी
(नागपुरात अभियंता दिनी दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, विषय वजनदार आहे: 'बांधकाम सल्लागार संस्थांमधलं संघटनात्मक शिक्षण आणि व्यवसायाची कामगिरी'. पत्रिकेवर दोन ओळी खाल्ल्या त्यानं. मी आपला एका कंपाउंड वॉलपासून सुरू करतो.

काळी माती तुम्हाला काय सांगायची! पावसात फुगते, मे महिन्यात चपलेसकट पाय जाईल अशी भेगाळते. उमरेड रोडच्या एका लेआउटची भिंत आमच्या ऑफिसनं डिझाइन केली. पाया साडेतीन फुटांवर, काळ्या मातीतच. पावसाळ्यात भिंत उचलली, उन्हाळ्यात तडकली. क्लायंटनं माझ्यासमोर त्या भेगेत पाचशेची नोट सरकवली नि म्हणाला, "घ्या साहेब, तुमची राहिलेली फी." हसा, हसा. मला तेव्हा आलं नव्हतं.

ऑफिसात आलो तर आमचे ड्राफ्ट्समन काका म्हणतात, "हेच तर आठ वर्षांमागं हिंगण्याकडे झालं होतं न जी! मग अंडर-रीम्ड पाइल टाकले, बीमखाली पोकळी सोडली, तेव्हा कुठं भिंत थांबली." हे पाइल म्हणजे बुडाशी फुगीर असलेले, जमिनीत खोल जाणारे काँक्रीटचे खांब. रुडकीच्या सीबीआरआयनं, म्हणजे केंद्रीय इमारत संशोधन संस्थेनं, याच मातीसाठी ते देशभर रुळवले, पुस्तकात आहे, आयएस कोडात, म्हणजे भारतीय मानकात आहे. म्हटलं, "काका, आधी का नाही बोलले?" तर म्हणे, "मला विचारलं कोणी?"

काकांच्या खिशात लाल डायरी असे. कुठल्या साइटवर काय फसलं, सगळं तीत. पुढच्या वर्षी ते निवृत्त झाले. आम्ही शाल दिली, श्रीफळ दिलं, तर्री-पोहे खाल्ले. डायरी त्यांच्यासोबत घरी गेली.

चिठ्ठी आली, पाच मिनिटं. म्हणजे मुख्य विषय आता पळवत सांगावा लागेल.

संस्था कशा शिकतात याचा अभ्यासक क्रिस आर्गिरिस, त्यानं 1977 मध्ये थर्मोस्टॅटचं उदाहरण दिलं. खोली ठरलेल्या तापमानावर ठेवणं हे एकेरी शिकणं. ते तापमानच बरोबर आहे का, असं विचारणं हे दुहेरी. भेग ग्राउटनं, म्हणजे सिमेंटच्या पातळ मिश्रणानं भरली, ते एकेरी. आमचं स्टँडर्ड ड्रॉइंग माती न पाहता साडेतीन फूट का दाखवतं, हा प्रश्न दुहेरी. तो आम्ही विचारत नाही. एकतर डिझाइन एकाकडे, सुपरव्हिजन दुसऱ्याकडे, त्यामुळे साइटवरची बातमी टेबलापर्यंत येत नाही. दुसरं, चूक लिहून ठेवली तर उद्या नोटिशीला तीच जोडतील, ही भीती. आणि एल-वनच्या, म्हणजे सर्वांत कमी बोलीवाल्याला काम देणाऱ्या टेंडरात विचार करायचे तास कोण धरतो?

आता पैसा. फी ठरलेली. ड्रॉइंग पहिल्याच खेपेला, आर-झिरोवर पास होवो की चौथ्या दुरुस्तीला, आर-फोरवर, फी तेवढीच; दर दुरुस्तीला पगाराचा खर्च मात्र वाढत जातो. म्हणून आम्ही क्लायंटनं मागितलेले बदल एका रकान्यात आणि आमच्या चुकीचे दुसऱ्यात मांडतो. दुसरा रकाना पहिल्यांदा पाहिला तेव्हा बाप्पा, चहा गिळवेना. काम संपलं की ज्युनिअर साइट इंजिनिअरसोबत बसून एक पान लिहितो. जुनं पान चाळल्याशिवाय नवं ड्रॉइंग सुटत नाही.

दुसरी चिठ्ठी. काकांची डायरी राहिलीच. मी मानेवाड्याला जाऊन मागून आणली. मागच्या पानांवर काकूंचा दुधाचा हिशोब सुरू झालाय. तेवढा सोडून झेरॉक्स काढल्यात. चहाच्या टेबलाशी ठेवल्या आहेत.