सेकंड हँड गाडी घेताना

श्रोतेहो, नमस्कार.

सेकंड हँड गाडी बघायला गेलात की आधी बोनेटवर हात ठेवा. गरम लागलं, तर तुम्ही पोचायच्या आत गाडी चालवून ठेवली आहे असं समजा आणि दुसऱ्या दिवशी सकाळी येतो म्हणून सांगा. थंड इंजिन पहिल्या सेल्फला उचलतं का, सायलेन्सरमधून निळा धूर येतो का, हे तेव्हाच कळतं. निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय. ते काम स्वस्तात होत नाही.

मेकॅनिक बरोबर न्या, पण तो तुमचा हवा. एजंट म्हणेल, "आमचा माणूस आहे ना, कशाला खर्च करताय?" तो खर्च जरूर करा.

आपल्याकडे मोठी भीती पुरात बुडालेल्या गाडीची. २००५ ची मुंबई, २०१९ चं सांगली-कोल्हापूर, २०२१ चं चिपळूण आठवा. अशा गाड्या विमा कंपनी 'टोटल लॉस', म्हणजे दुरुस्ती परवडणार नाही अशा, धरते, मग त्या लिलावात जातात आणि त्यातल्या काही धुऊनपुसून पुन्हा बाजारात येतात. रंग चकाचक असतो. म्हणून सीट बेल्ट शेवटपर्यंत ओढून बघा, आतल्या भागावर गाळाचा डाग राहिलेला असू शकतो. मॅट उचला, सीटखालच्या रुळांवर गंज आहे का बघा, स्टेपनीच्या खड्ड्यात बोट फिरवा. गाडीत अत्तराचा फारच घमघमाट असेल, तर मला तरी शंका येते. पाणी वायरिंगच्या जोडांत शिरलेलं असतं. आज सगळं चालतं, आणि काही महिन्यांनी काचा अडकतात, एअरबॅगचा दिवा लागतो.

मीटर तीस हजार दाखवतोय आणि ब्रेक पेडलचं रबर गुळगुळीत झालंय? मग मीटर मागे फिरवलेला असू शकतो. टायरवरचे चार आकडेही वाचा. टायर कधी बनला ते त्यातून कळतं. ३२१९ म्हणजे २०१९ चा बत्तिसावा आठवडा.

चेसिस नंबर आरसीशी स्वतः ताडून बघा. गाडीवर कर्ज होतं का? मग बँकेची एनओसी आणि आरसीवरची कर्जाची नोंद काढायचा फॉर्म ३५ हातात आल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका. थकलेली ई-चलनं आधी मालकाला भरायला लावा.

आणि मालक म्हणेल, "विमा चालू आहे, काळजी नको." चालू असेल, पण त्याच्या नावावर. गाडी हस्तांतरित झाल्यापासून १४ दिवसांच्या आत विमा कंपनीकडे अर्ज करून तो आपल्या नावावर करून घ्या.

नमस्कार.