मटणबाजारातला नाताळ

(दृश्य: ओला दगडी रस्ता, त्यात पिवळ्या दिव्यांची प्रतिबिंबं. छत्र्या. दूरवर बँडचे सूर.)

दुपारचे चार वाजलेत. हो, दुपारचेच. पण पूर्व जर्मनीत डिसेंबरात या वेळेला दिवेलागण होऊन जाते. पोस्टकार्डावरचा तो भुरभुरणारा बर्फ आज काही आपल्या नशिबात नाही. पाऊस आहे. बारीक, चिवट, थेट आपल्या श्रावणातला. फक्त हात खिशातून बाहेर काढवत नाहीत एवढाच फरक.

हे बाउट्सेन. ड्रेस्डेनच्या पूर्वेला साधारण ५० किलोमीटर. पोलंड जवळ, चेक प्रजासत्ताक त्याहून जवळ. वस्ती चाळीस हजारांच्याही आत. नाताळचा बाजार बघायचा म्हणून लोक न्यूरेंबर्गला जातात, स्ट्रासबुर्गला जातात आणि पुढच्या माणसाची पाठ बघून परत येतात. आम्ही मुद्दाम लहान गाव निवडलं.

समोरचा मनोरा नीट बघा. कॅमेरा वाकडा धरलेला नाही, मनोराच वाकडा आहे. ५६ मीटर उंच आणि १ मीटर ४४ सेंटीमीटर कललेला. याचं नाव राइखेनटुर्म. इथून मुख्य चौकापर्यंत जो रस्ता जातो, त्याच्या दोन्ही बाजूंनी आणि पुढे चौकात बाजार भरतो. सुरुवातीलाच काँक्रीटचे जाडजूड ठोकळे आडवे टाकलेत. २०१६ साली बर्लिनमध्ये आणि २०२४ साली माग्डेबुर्गमध्ये अशाच बाजारांत गाड्या घुसवल्या गेल्या, माणसं मेली. तेव्हापासून जर्मनीत हे ठोकळे नाताळच्या सजावटीइतकेच ठरलेले. एका ठोकळ्यावर एक आजोबा निवांत टेकून सॉसेज खातायत.

(दृश्य: लाकडी टपरी. मोठ्या पातेल्यातून वाफ. कपात ओतलं जाणारं लाल पेय.)

आधी ऊब हवी. ग्लूवाइन म्हणजे गरम केलेली रेड वाइन, त्यात दालचिनी, लवंग, संत्र्याची साल आणि साखर. उकळायची मात्र नाही. उकळली की मद्यार्क उडून जातो आणि हातात राहतो आंबटगोड काढा. ती मिळते चिनीमातीच्या कपात. कपाचं डिपॉझिट वेगळं. कप परत दिला की पैसे परत, आवडला तर घरी न्या. कुठेही कागदी कपांचा ढीग नाही. आपल्या जत्रांना हे सहज जमण्यासारखं आहे, पण तो विषय वेगळा.

आता थोडा इतिहास, आणि तो खाण्याचाच आहे. १३८४ साली हा प्रदेश बोहेमियाच्या, म्हणजे आजच्या चेक प्रजासत्ताकाच्या भागातल्या राजाकडे होता. राजा चौथा वेन्सेस्लास, वय तेवीस. इतिहासात याचं टोपणनाव 'आळशी'. तो जर्मन राजाही होता; पुढे १४०० साली त्या पदावरून त्याला खाली खेचलं गेलं. तर या आळशी राजाने बाउट्सेनला परवानगी दिली: नाताळपर्यंत दर शनिवारी मांसाचा मुक्त बाजार भरवा. झालं, एवढंच. तारे नाहीत, देवदूत नाहीत, गाणी नाहीत. तोंडावर कडक हिवाळा, घरात खारवून ठेवायला मांस हवं, म्हणून बाजार. त्या राजाच्या नावाने आजही याला 'वेन्सेल्समार्क्ट' म्हणतात. जर्मनीतला सगळ्यात जुना नाताळबाजार कोणता यावर ड्रेस्डेनवाले १४३४ साल पुढे करतात, बाउट्सेनवाले १३८४. मला विचाराल तर दोघांनाही आपापल्या तारखा लखलाभ.

पण ही पाटी बघा. नगरपालिकेच्या इमारतीमागचा हा चौक. नाव: 'फ्लाइशमार्क्ट'. शब्दशः मांसबाजार, म्हणजे आपलं मटण मार्केट.

(दृश्य: निखाऱ्यांवर सॉसेज. पावावर मोहरीची पिवळी रेघ.)

मांस अजून आहेच. लांबलचक सॉसेज, त्यापुढे बोटभर वाटणारा पाव, आणि वर मोहरीची चटणी. ही चटणी बाउट्सेनची ओळख. पूर्व जर्मनीत वाढलेल्या कुणालाही विचारा, गावाचं नाव काढलं की आधी मोहरी आठवते. चवीला मध्यम तिखट. आपण लोणच्यासाठी मोहरी फेसतो तेव्हा जी सणक नाकातून थेट डोक्यात जाते, तिची ही शांत स्वभावाची चुलत बहीण.

खाता खाता पाट्या वाचा. प्रत्येक नाव दोनदा लिहिलेलं. वर जर्मन, खाली दुसरंच काहीतरी. बाउट्सेनखाली 'बुदिशिन'. ही सोर्ब लोकांची भाषा. सोर्ब म्हणजे स्लाव्ह वंशाचे, पोलिश आणि चेक लोकांचे भाऊबंद, हजाराहून अधिक वर्षांपासून या भागात राहणारे. संख्या साधारण ६० हजार धरतात. चहूबाजूंनी जर्मन, तरीही त्यांचं दैनिक इथून निघतं, रंगभूमी इथे आहे, आणि सोर्ब घरातला माणूस २००८ ते २०१७ या सॅक्सनी राज्याचा मुख्यमंत्री होता. बाजारात कान दिला तर मध्येच एखादी आजी नातवाला या भाषेत दटावताना ऐकू येते. नातू उत्तर जर्मनमध्ये देतो. हे दृश्य आपल्याला काही अनोळखी नाही.

(आवाज: चर्चच्या घंटा.)

घंटा वाजतायत त्या सेंट पीटरच्या. आत गेलात तर एक गंमत दिसेल. एकच इमारत, दोन वेद्या. १५२४ पासून कॅथलिक आणि प्रोटेस्टंट हे एकच चर्च वापरतात. पुढचा भाग यांचा, मागचा त्यांचा, मध्ये कठडा. पूर्वी तो माणसापेक्षा उंच होता. आज कंबरेएवढा आहे.

बाहेर येऊन परत टपऱ्यांकडे. खरं सांगायचं तर सगळ्याच टपऱ्या बघण्यासारख्या नाहीत. लोकरी टोप्या, मोबाइलची कव्हरं, सुगंधी साबण. हा माल कुठल्याही जत्रेत मिळतो. सरळ पुढे चला, पुल्सनित्सच्या बेकरीवाल्यापाशी थांबा.

पुल्सनित्स हे याच जिल्ह्यातलं छोटं गाव. १५५८ पासून तिथल्या बेकऱ्यांना 'फेफरकुखेन' भाजायचा हक्क आहे. शब्दाचा अर्थ मिऱ्याचा केक, आणि मिरं त्यात बहुधा नसतंच. जुन्या काळी इकडे परदेशातून येणाऱ्या कुठल्याही मसाल्याला सरसकट मिरी म्हणत. पीठ मधात किंवा काकवीसारख्या पाकात मळून आठवडेच्या आठवडे मुरत ठेवतात. मग दालचिनी, लवंग, वेलदोडा, जायपत्री, धणे. विक्रेत्याने तुकडा पुढे केला. पहिला वास आला तो आजीच्या मसाल्याच्या डब्याचा. आमटीत जाणारी मंडळी इथे चॉकलेटचा कोट घालून बसलीयेत.

(दृश्य: टपरीच्या छताला टांगलेले तारे. पांढरे, पिवळे, लाल. टोकदार.)

आणि आता वर बघा.

हा हेर्नहूटचा तारा. सॅक्सनीत डिसेंबरात तो खिडकीत, व्हरांड्यात, चर्चमध्ये, दवाखान्याच्या दारावर, सगळीकडे लटकतो. मराठी डोळ्याला तो थेट आकाशकंदीलच वाटतो. वसईत, गोव्यात नाताळला जे कागदी तारे लागतात, तेही आठवतात.

हेर्नहूट इथून फार लांब नाही. १७२२ साली मोरावियातून, म्हणजे आजच्या चेक प्रजासत्ताकातून, धर्मछळामुळे पळालेल्या लोकांनी ते वसवलं. ही मंडळी धर्मप्रचाराला जगभर गेली. १८५६ साली हिमाचलातल्या लाहौलमधल्या केलाँगला, १८८५ साली लेहला. मुलं मात्र मागे, वसतिगृहांच्या शाळांत. तिथेच एकोणिसाव्या शतकात हा तारा जन्मला; आधी भूमितीचा गृहपाठ म्हणून. आईबाप हजारो मैल दूर, आणि मुलं अॅडव्हेंटमध्ये, म्हणजे नाताळच्या आधीच्या चार आठवड्यांत, कागद कापून तारे चिकटवतायत. १८९७ पासून ते विक्रीला आले.

गृहपाठ कसा, ते हातात घेतल्यावर कळतं. मधला सांगाडा २६ बाजूंचा: १८ चौरस, ८ त्रिकोण. प्रत्येक बाजूवर एक टोक. म्हणजे टोकं २६ हवीत ना? मोजली. २५ भरली. परत मोजली, तरी २५. विक्रेतीने हसून तारा फिरवला. वरचा एक चौरस रिकामा ठेवलेला. तिथून वायर आत जाते, दिवा जातो. १७ चौकोनी टोकं, ८ त्रिकोणी, आणि एक दार.

सुटा तारा पॅक होतो तो चपट्या खोक्यात, टोकं एकात एक बसवून, कागदी शंकूंसारखी. जोडायच्या पितळी पिना वेगळ्या पुडीत. बाईंनी पुडी दोनदा मोजून दिली. मग सूचना: अॅडव्हेंटच्या पहिल्या रविवारी लावायचा, त्याआधी नाही. तसा दंडक आहे इकडे.

मी म्हटलं, आमच्याकडे दिवाळी येते, ऑक्टोबर-नोव्हेंबरात. तेव्हाच गॅलरीत लागेल.

त्यांनी चष्म्यावरून बघितलं. थोडा विचार केला.

"पावसात भिजणार का?"

म्हटलं, कधी कधी भिजतो.

त्यांनी कागदाचा खोका माझ्या हातातून काढून घेतला, मागे ठेवला, आणि प्लास्टिकचा दिला.