आठशे मीटरचा आकडा नागपुरात चालत नाही

नमस्कार श्रोतेहो. कोराडी-खापरखेड्याच्या वीजकेंद्रांच्या चिमणीतला कार्बन डायऑक्साइड पकडला, तर जमिनीत कुठं ठेवायचा? पुस्तकी उत्तर ठरलेलं आहे: आठशे मीटरच्या खाली. तिथं दाब 80 बारच्या, म्हणजे हवेच्या दाबाच्या सुमारे ऐंशीपट, आसपास असतो. 74 बार आणि 31 अंशांच्या पुढं गेला की हा वायू दाटतो, थोड्या जागेत मावतो.

पण हा आकडा थंड मुलखाचा. आपल्याकडं जमिनीखालची सुरुवातच साधारण 27 अंशांपासून. किलोमीटरला 25 अंश वाढ धरली, तर आठशे मीटरवर 47 भरतात. उष्णतेनं वायू फुगतो; तेवढ्या उष्णतेत 80 बारला घनमीटरमागं तीनशे किलोही वायू बसत नाही. थंड प्रदेशात तिथंच सहाशेच्या वर बसतो. तेव्हा हजार-बाराशे मीटर तरी खाली जायला हवं. नागपूरचं ऊन तिथवर पोचतं बघा!

मग खडक. कामठीच्या वालुकाश्माच्या तुकड्यावर पाण्याचे दोन थेंब टाका, बघता बघता जिरतात. खडक असाच हवा, पण या थरातलं गोडं पाणी विहिरींना लागतं, म्हणून तो बाद. आपल्याला खारं पाणी भरलेला, खोल थर पाहिजे आणि त्यावर सलग, न चिरलेला शेलचा, म्हणजे चिखल घट्ट होऊन बनलेल्या दगडाचा, थर झाकणासारखा.

बेसाल्टचं, म्हणजे लाव्ह्याच्या काळ्या दगडाचं, काय? आइसलँडमध्ये 2012 साली पाण्यात विरघळवून बेसाल्टमध्ये सोडलेल्या वायूपैकी 95 टक्के दोन वर्षांत खनिज झाला. मात्र टनामागं सुमारे 25 टन पाणी लागतं. विदर्भात ते आणायचं कुठून? शिवाय नागपूर म्हणजे दख्खनच्या बेसाल्टची पूर्वेकडची कड. सीताबर्डीच्या टेकडीत दिसतो तो काळा दगड इथं पुरेसा जाड नाही.

जागा नकाशावर पटली, तरी खरी परीक्षा बोअरमध्येच. ठरावीक वेगानं पाणी दाबायचं, झडप बंद करायची आणि दाब किती वेळात उतरतो ते पाहायचं. तो चढाच राहिला, तर थर चहूकडून कोंडलेला आहे किंवा त्यात पाणी सहज शिरत नाही. नॉर्वेच्या स्नोव्हिट या समुद्रातल्या वायूक्षेत्रात 2008 साली वायू सोडायला घेतला, पण दाब अपेक्षेपेक्षा भराभर चढला आणि 2011 मध्ये थरच बदलावा लागला. खडक किती दाबाला फुटतो तेही मोजायचं, आणि त्याच्या 90 टक्क्यांच्या आतच राहायचं.

आपल्याकडं आणखी एक गोष्ट आधी तपासावी लागेल: कोळशाच्या शोधात पाडलेली जुनी बोअरं. झाकणाचा थर भेदून गेलेलं एकही भोक सिमेंटनं नीट बुजवलेलं नसेल, तर वायू तिथूनच वर येईल.