भूतफूल ओळखायचं कसं?

मार्च महिना. अमेरिकेच्या नैर्ऋत्येला, मोहावी वाळवंटातल्या एका ओढ्याचं हे कोरडं पात्र. गोटे, भरड वाळू, आणि मधेच वीतभर उंचीचं एक रोप. त्यावर सायीच्या रंगाची फुलं. पाकळ्या इतक्या तलम, की मागून ऊन पडलं की उजेड आरपार येतो.

हे घोस्ट फ्लॉवर. आपण भूतफूल म्हणू. शास्त्रीय नाव मोहाविया कन्फर्टिफ्लोरा. पूर्व कॅलिफोर्निया, दक्षिण नेवाडा, पश्चिम अ‍ॅरिझोना आणि सीमेपलीकडचा मेक्सिको हा त्याचा मुलूख. हिवाळी पावसावर उगवायचं, आणि ऊन भाजायला लागायच्या आत बी टाकून वाळून जायचं, एवढंच त्याचं आयुष्य.

पण चार पावलांवरचं हे दुसरं रोप बघा. तोच रंग, तसाच पेला. हे आहे सँड ब्लेझिंग स्टार, म्हणजे मेंटझेलिया इन्व्होल्युक्राटा. दोघांची कुळं वेगळी, तरी लांबून पाहणारा हमखास फसतो. नुसत्या फोटोवरून नाव सांगायची घाई इथे करू नये.

फुलात डोकवा. मेंटझेलियाच्या पाच पाकळ्या सुट्या, आणि मधे पुंकेसरांचा दाट झुपका. भूतफुलाच्या पाकळ्या बुडाशी जुळलेल्या, वर दोन, खाली तीन. ते स्नॅपड्रॅगनच्या नात्यातलं. त्यात परागाचे पुंकेसर फक्त दोन. आतून बारीक ठिपके, आणि खालच्या ओठावर गडद किरमिजी डाग. तो डाग नीट लक्षात ठेवा.

आता पानाला हात लावा. मेंटझेलियाचं पान दातेरी, खरखरीत. कुसळासारखं बाहीला धरतं. भूतफुलाचं पान साध्या कडेचं, लव बोटांना किंचित चिकटणारी.

हे साम्य कशासाठी? मेंटझेलियात मध असतो, आणि झेरॅलिक्टस नावाच्या मधमाश्या त्याच फुलांवर जगतात. भूतफुलात मधाचा थेंबही नाही. अभ्यासकांच्या मते तो किरमिजी डाग नराला फुलात बसलेल्या मादीसारखा दिसतो. नर तिच्या ओढीनं आत शिरतो. मादी नसतेच. अंगाला पराग माखून तो बाहेर पडतो, आणि पुढच्या भूतफुलात पुन्हा तिलाच शोधायला जातो.