सांगली–मिरज, पुढची गाडी कधी?

(दृश्य: पहाट. एसटीचं आगार. गाड्यांचे दिवे, धूर, काचेवर पाण्याचा फवारा.)

पहिली गाडी सुटण्याआधीची ही धावपळ प्रवाशाला कधी दिसत नाही. चालक आपली गाडी कुठली ते बघतो, पाणी आणि हवा तपासतो, ब्रेक दाबून खात्री करून घेतो. वाहक खिडकीवरून तिकिटाचं मशीन घेतो आणि सोबत पत्र्याचा ट्रेही. मशीन वाटेत बंद पडलं तर कागदी तिकिटांवरच भागवायचं.

(दृश्य: ट्रे, तिकिटांचे गठ्ठे, वाहकाची बोटं.)

प्रत्येक गठ्ठ्याचा पहिला नंबर वेबिलावर, म्हणजे वाहकाच्या हिशेबाच्या कागदावर, उतरवायचा. हिशेबात तूट आली तर ती वाहकाच्या खिशातून जाते. त्यामुळे घाई असली तरी इथं कुणी घाई करत नाही. पाटी लागते, डबल बेल होते आणि गाडी फाटकाबाहेर पडते.

सांगली, मिरज आणि कुपवाड मिळून १९९८ पासून एकच महापालिका आहे, पण या महापालिकेची स्वतःची बस नाही. इथली शहरी गाडी एसटीच चालवते. मुंबईची गाडीही एसटीची आणि शहरातल्याच विश्रामबागची गाडीही एसटीचीच. गाडी, डिझेल, माणसं, सगळं त्यातच वाटून घ्यायचं.

(दृश्य: मोबाईलवर घेतलेलं जुनं चित्रण. रिकामं स्थानक, ओळीनं उभ्या लाल गाड्या.)

मार्च २०२०. कोरोनाची टाळेबंदी लागली, चाकं थांबली. मे महिन्यात याच लाल गाड्यांनी परराज्यांतल्या मजुरांना राज्याच्या सीमेपर्यंत पोचवलं. २२ मे रोजी रेड झोन वगळून जिल्ह्यांतर्गत वाहतूक सुरू झाली, तीही निम्म्या आसनांवर. २० ऑगस्टला जिल्ह्याबाहेरच्या गाड्या निघाल्या आणि १८ सप्टेंबरला सगळी आसनं भरायची परवानगी मिळाली.

या निम्म्या आसनांचा सगळ्यात मोठा फटका शहरी गाडीला बसला. लांबच्या गाडीत एका सीटवर बहुधा एकच माणूस शेवटपर्यंत जातो. शहरी गाडीत तसं नसतं. पुष्पराज चौकात चढलेला विश्रामबागला उतरतो, त्याच जागेवर विलिंग्डन कॉलेजचा पोरगा बसतो, वानलेसवाडीला आणखी कुणी येतं. एकच सीट एका फेरीत दोन-तीनदा विकली जाते आणि उभ्या प्रवाशांचे पैसे वेगळे. चव्वेचाळीस सीटांच्या गाडीत बावीसच माणसं घ्यायची आणि उभं कुणालाच राहू द्यायचं नाही म्हटल्यावर हा हिशेब कोलमडला. डिझेल मात्र पूर्ण लागत होतं, चालक-वाहकही पूर्ण.

(दृश्य: थांब्यावरून न थांबता पुढं जाणारी गाडी.)

त्यातच सांगलीचे चालक-वाहक मुंबईला बेस्टच्या मदतीला गेले. मुंबईकरांना कामावर पोचवायला आपली माणसं गेली, याचा सांगलीला अभिमानच आहे. पण इकडच्या थांब्यांवरची माणसं वाट बघत राहिली. मग दुसरी लाट आली, एप्रिल २०२१ मध्ये पुन्हा निर्बंध. जुलैत कृष्णेचा महापूर. ऑक्टोबरअखेर एसटी कर्मचाऱ्यांचा संप सुरू झाला आणि उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर एप्रिल २०२२ मध्ये कर्मचारी कामावर परतले. कोरोनाकाळात पगार रखडले, ते सोसलेली ही माणसं होती. त्यांच्या मागण्यांना घाईनं नावं ठेवू नयेत, असं आम्हाला वाटतं.

गाड्याही घटल्या. साथीआधी राज्यभर एसटीचा ताफा १८ हजारांच्या घरात होता, नंतर तो १५ हजारांच्या आसपास आला.

(दृश्य: कंट्रोलरची केबिन, भिंतीवरचा फेऱ्यांचा तक्ता.)

कुठली फेरी चालवायची हे इथं भारमानावर ठरतं. म्हणजे गाडी किती भरली, यावर. दोन वर्षं गाडीचा भरवसा नव्हता म्हणून प्रवासी दुसरीकडं वळला. तो वळला म्हणून भारमान पडलं, आणि भारमान नाही म्हणून फेरी नाही. ही गाठ प्रवाशाला सोडवता येणार नाही, ती सोडवायची तर आधी गाडी सोडावी लागेल. ठरलेल्या वेळेला, थांब्यावर वेळ लिहून, सुरुवातीचे काही महिने निम्मी रिकामी धावली तरी. तोटा होईल. तो एकट्या आगाराच्या माथी का मारायचा? रस्ते, दिवे, पाणी यांच्यासारखाच शहराच्या खर्चात तो धरायला हवा.

(दृश्य: विश्रामबाग, कॉलेज सुटलेलं. वडाप, शेअर रिक्षा, दुचाक्या.)

ज्यांना जमलं त्यांनी हप्त्यावर दुचाकी घेतली, उरलेले वडापात, म्हणजे खासगी प्रवासी जीपमध्ये, कोंबून जातात.

(दृश्य: मिरजेचं सरकारी रुग्णालय, रात्रपाळी सुटल्यावरचं फाटक.)

साथीत कोविडच्या रुग्णांसाठी राखलेलं हे रुग्णालय. इथून ड्युटी संपवून निघालेल्या दोन मावशींना आम्ही एवढंच विचारलं, की घरी कशानं जाता. त्यांचं बोलणं मधे न तोडता पुढं देत आहोत.